पाटोळेमामांचा चार्ज

जयसिंग पाटोळे यांचे हात मला पहिल्या दिवशी दिसलेच नाहीत. मोशीच्या मैदानावर ते रेषेबाहेर उभे होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात कारखान्यातले सेफ्टी शूज आणि दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरलेले. मी तेव्हा एका दैनिकाच्या पिंपरी कार्यालयात होतो आणि मैदानाशेजारच्या पाण्याच्या टाकीची बातमी करायला आलो होतो. टाकी बांधून तयार होती. तिच्यात पाणी नव्हते. फोटोग्राफर यायचा होता, म्हणून मॅच बघत थांबलो.

पाटोळ्यांच्या संघात मैदानावर जेमतेम नऊ जण होते. समोर अकरा. नऊही जण स्वतःच्या गोलपाशी दाटी करून उभे होते आणि आलेला प्रत्येक चेंडू लांब फेकत होते. बघायला कंटाळवाणा खेळ होता. मध्यंतराची शिट्टी झाली आणि दुचाक्यांवरून काही तरुण आले, वेगवेगळ्या कंपन्यांच्या गणवेशात, गळ्यात ओळखपत्रे. त्यांनी एका उभ्या टेम्पोआड कपडे बदलले. पण ते थेट मैदानात गेले नाहीत. बाहेर येणाऱ्या एकेका खेळाडूसमोर एकेक जण उभा राहिला, डोकी जवळ आली, आणि बाहेर येणारा बोटाने मैदान दाखवत बोलू लागला.

"त्यांचा दोन नंबर दमलाय. त्याला पळव."

"रेफ्री ऑफसाइड लगेच देतो, जपून."

"गोलकीपर वरचा बॉल सोडतो. दोनदा सोडला."

हे बराच वेळ चालले. रेफ्री घड्याळ बघत आला. "अहो कोच, मध्यंतर संपलं. बदली करताय का बारसं?"

पाटोळे जागचे हलले नाहीत. "चार्ज चाललाय, साहेब. चार्ज दिल्याबिगर माणूस मशीन सोडत न्हाई."

कारखान्यात काम केलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. शिफ्ट संपली तरी कामगार मशीन तशीच सोडून जात नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस आला की त्याला सांगायचे: तेल गळतेय, सेन्सर मधूनच बंद पडतो, या मापाकडे लक्ष ठेव. याला चार्ज देणे म्हणतात. पाटोळ्यांनी तो फुटबॉलमध्ये आणला होता. त्या दिवशी त्यांचा संघ एका गोलने जिंकला. गोल दोन नंबरच्या बाजूने झाला, वरच्या चेंडूवर. टाकीची बातमी छापून आली. मॅचची आली नाही. ती पाठवायला मला कोणी सांगितले नव्हते. पण त्यानंतर मी मॅच बघायला जाऊ लागलो.

पाटोळे मूळचे कोल्हापूरचे. तिथे फुटबॉल तालमीकडून खेळतात आणि हरलेल्या मॅचचे उत्तर घरीही द्यावे लागते. ते स्टॉपर होते, म्हणजे बचावाच्या मधोमध उभा राहणारा गडी. "लोक स्टॉपरला भिंत म्हणत्यात," ते सांगत. "भिंत कधी बोलते का मर्दा? स्टॉपर सारखा बोलतो. डावीकडं बघ, मागं ये, सोड त्याला. ज्या दिवशी स्टॉपर गप्प बसला, त्या दिवशी गोल झालाच म्हणून समज." बोलण्याच्या या सवयीवरच पिंपरीच्या एका कंपनीने त्यांना हेरले, असा त्यांचा दावा होता. त्या काळात कंपन्या खेळाडूंना नोकरी देत. सकाळी मशीन शॉप, दुपारनंतर सराव. कंपनीचे मैदान होते, संघ होता, आणि संघाचे एक वयस्कर कोच होते, ज्यांच्याबद्दल पाटोळे नेहमी उभे राहूनच बोलत.

हात मागे बांधण्याची सवय त्या काळातली. कंपन्यांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या क्षणांत, गोलसमोर चेंडू पाटोळ्यांच्या हाताला लागला. समोरच्यांना पेनल्टी मिळाली, कप गेला. "मुद्दाम लावला न्हवता," ते म्हणत. "पण हात हुता म्हणून लागला. नसता तर कशाला लागला असता?" दुसऱ्या दिवसापासून ते हात मागे धरून बचाव करू लागले. पुढे बूट सुटले, हात तिथेच राहिले. बँकेच्या रांगेत, दवाखान्यात, भाजी घेताना. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी सांगत, "लग्नात अक्षता टाकायला पण यांचे हात पुढं येत नाहीत. मला कोपरानं ढोसावं लागतं."

मग कोच निवृत्त झाले. निरोपसमारंभ झाला, शाल-नारळ झाले आणि पुढच्या मोसमात संघच उतरला नाही. कोणी तो बंद केला नव्हता. बंद करण्याचा निर्णय झाल्याचे कुठेही नोंदलेले नव्हते. "साहेबांनी चार्ज दिला न्हाई," पाटोळे म्हणत, "आनि आमी कुणी मागितला न्हाई." मैदानावर दुचाक्यांचे पार्किंग झाले. पाटोळ्यांची स्कूटर पुढे कित्येक वर्षे साधारण पेनल्टीच्या ठिपक्यावर उभी राहत असे. "जागा तीच मिळायची," ते सांगत. हसत नसत.

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर ते कोच झाले. पहिली नेमणूक पिंपळे गुरवमधल्या एका खासगी अकादमीत, आणि ती पुरते वर्षभरही टिकली नाही. तिथे नोकरदार घरांतली मुले येत. पाटोळ्यांनी त्यांना पहिले काही महिने फक्त उभे राहायला शिकवले: चेंडू नसताना कुठे उभे राहायचे, कुणाकडे बघायचे. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुरबुर सुरू झाली. एक वडील भेटायला आले.

"सर, आमचा आर्यन स्ट्रायकर आहे."

"कोन म्हणतं?"

"आम्ही घरी बोलून ठरवलंय."

"मग घरीच खेळवा की."

हा किस्सा ते रंगवून सांगत आणि ऐकणारे पालकांना हसत. पण प्रत्येक वेळी शेवटी ते एक वाक्य जोडत, आणि ते गंभीरपणे: "चूक माझी हुती. पोरं खेळायला आल्याली. मी त्यास्नी उभं करून ठेवलं." अकादमीने त्यांना थांबवले, तेव्हा ते भांडले नाहीत. नंतर आलेल्या कोचला मात्र त्यांनी गाठले आणि फाटकाबाहेर उभे राहून एकेका मुलाबद्दल सांगितले. कोणाला ओरडायचे नाही, कोणाला ओरडले तरच कळते. आर्यनबद्दलही सांगितले. तो खरोखरच बरा स्ट्रायकर होता.

नंतर ते महाळुंग्यातल्या एका गोदामात सुपरवायझर म्हणून लागले. ट्रेलर उभे करायच्या जागेत आसपासच्या कंपन्यांतले कंत्राटी कामगार जेवणाच्या सुट्टीत चेंडू लाथाडायचे. लातूर, परभणी, चंद्रपूर, सिंधुदुर्ग. एका खोलीत पाच-सहा जण राहणारी पोरे. पाटोळे आठवडाभर हात मागे बांधून बघत राहिले. मग म्हणाले, "लीगमध्ये नाव घालूया."

पोरे हसली. त्यांचे हसणे व्यवहाराला धरून होते. या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि लीगचे सामने रविवारी. रविवारी दुपारी सगळे अकरा जण मोकळे असणे अशक्य. पहिल्या शिफ्टची पोरे मॅच निम्मी झाल्यावर सुटणार, दुसऱ्या शिफ्टची कामावर असणार, तिसऱ्या शिफ्टची रात्रभर जागून आलेली.

पाटोळ्यांनी याच अडचणीचा डाव केला. पहिल्या अर्ध्यात तिसऱ्या शिफ्टची पोरे, आठ असोत की नऊ. त्यांनी जिंकायचे नाही, फक्त गोल होऊ द्यायचा नाही. दुसऱ्या अर्ध्यात पहिल्या शिफ्टची ताज्या दमाची पोरे; जिंकायचे त्यांनी. लीगच्या त्या सगळ्यात खालच्या गटात बदली खेळाडूंवर फारशी बंधने नव्हती, म्हणून हे जमले. आणि येणाऱ्याला आधीचा खेळ ठाऊक नसणार, म्हणून चार्ज. तोपर्यंत पोरे त्यांना मामा म्हणू लागली होती.

सरावाला जागा दिली बबनशेठनी. महाळुंग्याचे जुने घर, बरीच जमीन कारखान्यांत गेलेली, गोदामामागे एक मोकळा तुकडा उरलेला. तिथे ट्रेलर लावायला जागा मागत त्यांच्याकडे सारखी माणसे येत. बबनशेठना फुटबॉलमध्ये काडीचा रस नव्हता, पण पाटोळ्यांचे उभे राहणे त्यांना आवडले होते. "मास्तर, तुमी हाय तवर जागा तुमची," त्यांनी सांगितले. "पर एक सांगतो. तुमी न्हाई, त्या दिशी गाड्या लावाया देनार. मी पोरांना वळखत न्हाई. मी तुमाला वळखतो."

पाटोळ्यांनी तेव्हा मान डोलावली. ही अट त्यांना किती लागली असेल, हे मला पुढे कळले. माणूस गेला की संघ गेला, हे ते एकदा बघून बसले होते.

आता खड्ड्याची गोष्ट. ती या संघात आजही सांगितली जाते.

सामना मोशीच्याच मैदानावर होता. त्या मैदानाच्या एका गोलमागे ती पाण्याची टाकी आहे आणि दुसऱ्या गोलमागे रस्ता. पहिल्या अर्ध्यात आपली पोरे टाकीकडचा गोल सांभाळत होती. बचावात भागवत केंद्रे होता. अहमदपूरकडचा, प्रेस शॉपमध्ये हेल्पर, खेळाडू म्हणून मध्यम, पण हाक मारली की हजर. त्याला स्वतःच्या गोलच्या डाव्या कोपऱ्यात, गवताखाली एक खड्डा लागला. मध्यंतराला त्याने चोख चार्ज दिला: "डाव्या कोपऱ्यात खड्डा हाय. तिकडं जाऊ नका."

दुसऱ्या अर्ध्यात आला ओंकार परब. मालवणचा, संघातला सर्वांत वेगवान गडी आणि एकमेव गोल करणारा. बरोबरीत चाललेला सामना संपत आला असताना त्याला चेंडू मिळाला, समोर एकटा गोलकीपर. केंद्रेचे ऐकून त्याने डावीकडे जायचे टाळले, उजव्या कोपऱ्याकडून वळसा घेतला आणि गुडघ्यापर्यंत खड्ड्यात गेला. चेंडू समोरच्यांनी उचलला आणि जाऊन गोल केला.

ओंकार खड्ड्यात बसूनच ओरडत होता. "केंद्र्या! माका सांगलंस डावीकडे, आणि खड्डो खंय? उजवीकडे! माझो पाय मोडलो रे मेल्या!"

पाय मोडला नव्हता, मुरगळला होता. केंद्रेचा चेहरा मात्र उतरला. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, मग डावा कोपरा उजवा होतो, हे तो विसरला होता. फुटबॉल खेळत वाढलेला कोणीही ही चूक करणार नाही. मशीनवर वाढलेला करतो. प्रेससमोर पहिल्या शिफ्टचा माणूस उभा राहो की तिसऱ्या, डावे ते डावेच राहते.

पाटोळे रागावले नाहीत. सगळ्यांना रिंगणात बसवून म्हणाले, "मशीन पाठ फिरवत न्हाई, मैदान फिरवतं. माझ्या ध्यानात यायला पायजे हुतं. आजपास्नं डावं-उजवं बंद. टाकीकडं, रस्त्याकडं. दुसऱ्या मैदानावर देऊळ असंल, डेपो असंल, जे हलत न्हाई त्याचं नाव घ्यायचं."

पुढच्या गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, केंद्रे दुचाकीवर घमेले आणि फावडे बांधून मोशीला गेला आणि त्याने तो खड्डा मुरूम टाकून बुजवला. मैदान संघाचे नव्हते, सामना होऊन गेला होता, कोणी सांगितले नव्हते. पाटोळ्यांना कळले तेव्हा मी तिथे होतो.

"आपला न्हवता रे त्यो खड्डा."

"माहिताय मामा. पण चार्जमधी मीच सांगितला होता ना. मग बंद कोण करायचा?"

केंद्रे गेल्यावर पाटोळ्यांनी मला, जणू पावसापाण्याची चौकशी करावी तसे विचारले, "ह्याचं शिक्षान किती झालंय, काय कल्पना?"

गेल्या वर्षापासून त्यांना बाजूचे दिसेनासे झाले. काचबिंदू. समोरचा माणूस स्वच्छ दिसे, कडेने पळत येणारा दिसत नसे. स्टॉपरला यापेक्षा वाईट आजार नाही, असे ते स्वतःच म्हणाले. रेषेवर त्यांच्या शेजारी बदली खेळाडू उभे राहत आणि ते हळूच विचारत, "टाकीकडं कोन हाय? रस्त्याकडं कोन हाय?" पोरांना वाटे मामा परीक्षा घेताहेत. केंद्रेला कळले होते. तो न विचारताच सांगू लागला, आणि या कानाचे त्या कानाला त्याने कळू दिले नाही.

कोल्हापूरला मुलगी शिक्षिका आहे. तिने दोघांनाही बोलावून घेतले. सामान गेले, सुमनवहिनी गेल्या, पाटोळे मोसम संपेपर्यंत थांबले. प्रश्न एकच होता, आणि तो सगळ्यांना माहीत होता: ते गेले की बबनशेठ जागा काढून घेणार. जागा गेली की सराव गेला, आणि सराव गेला की ही पोरे पुन्हा आपापल्या शिफ्टमध्ये विखुरणार. दुसरे मैदान परवडण्यासारखे नव्हते. सगळ्यांनी धरले होते की संघ ओंकारकडे जाईल. नाव त्याचेच होते. पाटोळ्यांनी केंद्रेला सांगितले.

"काय बोलायलाव मामा. मला कुठं खेळता येतंय?"

"खेळणारे हाईत. सांगणारा पायजे."

ओंकार दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी येऊन केंद्रेला म्हणाला, "खड्ड्यात पाडशीत तर बघ हां." एवढ्यावर मिटले.

बबनशेठना मात्र असे सांगून पटणार नव्हते. पाटोळे त्यांच्या घरी गेले आणि म्हणाले, "शेठ, शेवटच्या मॅचला या. निम्मी मॅच मला बघा. निम्मी त्याला बघा. मग काय ती गाडी लावा."

शेवटचा सामना मोशीला. बबनशेठ पांढऱ्या टोपीत, खुर्ची घेऊन आले. पहिला अर्धा नेहमीसारखा: नऊ जण, टाकीकडचा गोल, लांब फेकलेले चेंडू, शून्य-शून्य. मध्यंतराला पोरांनी एकमेकांना चार्ज दिला. सगळ्यात शेवटी पाटोळे आणि केंद्रे समोरासमोर उभे राहिले. मी ऐकण्याइतका जवळ होतो.

"त्यांचा सात नंबर रागीट हाय, त्याला पिवळं कार्ड हाय. आता आपला गोल रस्त्याकडं, तिथं ऊन डोळ्यावर येतंय, गोलकीपरला टोपी दे. ओंकारला शेवटपातूर बाहेर काढू नकोस, कितीबी दमला तरी." ते थांबले. "आनि बबनशेठकडं बघू नकोस. मॅच बघ."

"व्हय मामा."

"घेतलास?"

"घेतला."

तेव्हा पाटोळ्यांचे हात पाठीमागून पुढे आले. त्यांनी केंद्रेचा हात दोन्ही हातांत धरला आणि लगेच सोडला. मग ते पिशवी उचलून निघाले. सामना संपेपर्यंत थांबणार नव्हते. "थांबलो तर तो माझ्याकडंच बघत राहील," त्यांनी मला आधीच सांगितले होते. "चार्ज दिल्यावर मशीनकडं वळून बघायचं नसतंय. नवा माणूस बावरतो."

पाटोळ्यांना पोचवायला निघता निघता मी बबनशेठच्या खुर्चीजवळून गेलो. दुसरा अर्धा सुरू झाला होता आणि केंद्रे रेषेवर दोन्ही हात हवेत फेकत ओरडत होता. "ह्यो लई वरडतोय," बबनशेठ म्हणाले. "मास्तर कदी वरडलं न्हाई." मग खुर्ची थोडी पुढे सरकवून घेतली.

जागेचा निकाल इथेच सांगून टाकतो. ट्रेलर अजून लागलेले नाहीत. केंद्रे फोनवर म्हणाला की बबनशेठ आता गुरुवारी सरावाला येऊन बसतात, आणि परवा त्यांनी ओंकारला विचारले की ऑफसाइड म्हणजे नेमके काय. ओंकारने सांगितले, त्यांना कळले नाही, त्यांनी पुन्हा यायचे ठरवले.

पाटोळ्यांना मी शेवटचे पाहिले ते त्या दुपारी, बस थांब्यावर. थांबा मैदानाला लागून आहे. ते मैदानाकडे पाठ करून उभे होते, पिशवी दोन पायांच्या मध्ये, हात पुन्हा मागे. बसला वेळ होता. आम्ही कोल्हापूरच्या उन्हाळ्याबद्दल बोलत होतो. मागून मोठा गलका उठला; शिट्ट्या, टाळ्या, कोणीतरी रिकामा डबा बडवत होते. गोल झाला होता. त्यांची मान जराशी हलली आणि जागेवर आली. त्यांनी वळून पाहिले नाही.

"टाकीकडं का रस्त्याकडं?" त्यांनी विचारले.

मी मागे बघितले.

"टाकीकडं," मी म्हणालो.

बस आली. ते चढले, आणि आत गेल्यावर वरचा दांडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला.